पावलाच्या शल्यविशारदाचे शिक्षण

दहावीचा निकाल लागून अकरावीचे प्रवेश सुरू झाले की आमच्या कॉलेजच्या आवारात एक प्रश्न दरवर्षी ऐकू येतो. "सर, मला डॉक्टर व्हायचंय. मग फिजिक्सचा एवढा अभ्यास कशाला?" विचारणाऱ्याचा हिशेब सरळ असतो. बी ग्रुप घ्यायचा, 'नीट' परीक्षेतील १८० प्रश्नांपैकी पदार्थविज्ञानाच्या ४५ प्रश्नांची कशीबशी सोय लावायची आणि मग तरफ, परिबल, दाब या मंडळींना कायमचा रामराम ठोकायचा. पालकांपैकीही पुष्कळांना हे पटलेले असते.

या प्रश्नाला उपदेशाने उत्तर देण्यापेक्षा डॉक्टरांच्या एखाद्या शाखेचे शिक्षण प्रत्यक्ष कसे चालते ते पाहणे बरे. त्यासाठी मी एक कमी परिचयाची शाखा निवडली आहे : पाऊल आणि घोटा यांची शस्त्रक्रिया. हाडांचे डॉक्टर आपण सर्वांनी पाहिलेले असतात. त्यांच्यापैकी काही जण पुढे आणखी शिकतात आणि आपले काम मुख्यतः घोटा व त्याखालच्या भागापुरतेच ठेवतात. एवढ्याशा भागासाठी वेगळा तज्ज्ञ कशाला, असे वाटेल. पण मोजून पाहा. एका पावलात २६ हाडे असतात, म्हणजे दोन्ही पावलांत मिळून ५२. प्रौढ माणसाच्या शरीरात सगळी मिळून २०६ हाडे. म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा हाडे घोट्याच्या खाली! त्यांच्यामधले सांधे एका पावलात ३३, आणि हे सारे बांधून ठेवणारे अस्थिबंध शंभरावर. शिवाय या यंत्राला विश्रांती अशी फारशी नाहीच. हात दुखावला तर गळ्यात अडकवून ठेवता येतो. पाऊल दुखावले तर माणूस जागच्या जागी बसतो.

आपल्या देशात या शाखेकडे जाण्याचा रस्ता असा आहे. बारावीनंतर एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे, त्यानंतर एक वर्ष रुग्णालयातील वेगवेगळ्या विभागांत फिरून उमेदवारी. महाराष्ट्रातल्या शासकीय महाविद्यालयात शिकलेल्यांना त्यापुढे बंधपत्रानुसार शासकीय सेवा असते. मग पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा आणि अस्थिशल्यविज्ञानातील एम.एस. किंवा डी.एन.बी. यांची तीन वर्षे. पाऊल व घोट्याचा खास अभ्यास सुरू होतो तो याच्याही नंतर. एखाद्या जाणत्या शल्यविशारदाच्या हाताखाली सहा महिने ते वर्षभराची फेलोशिप करावी लागते. काही जण त्यासाठी परदेशीही जातात. म्हणजे बारावी झालेला विद्यार्थी स्वतंत्रपणे पावलाची अवघड शस्त्रक्रिया करू लागतो तेव्हा त्याने तिशी गाठलेली असते.

इतकी वर्षे तो शिकतो तरी काय? हाडांची नावे तर पहिल्या वर्षीच पाठ होतात. चाकू धरण्याचे कौशल्यही त्या मानाने लवकर येते. वेळ लागतो तो बलांचा अंदाज यायला.

एक सोपे गणित करू. पन्नास किलो वस्तुमानाचा एक विद्यार्थी एका पायाच्या चवड्यावर उभा आहे आणि त्याची टाच जमिनीपासून उचललेली आहे. त्याचे वजन सुमारे ५०० न्यूटन. तेवढेच प्रतिक्रिया बल जमीन त्याच्या चवड्यावर वरच्या दिशेने देते. घोट्याचा सांधा हा टेकू माना. टेकूपासून चवडा १२ सेंमी. पुढे आहे, आणि पोटरीच्या स्नायूची जाड कंडरा टाचेच्या हाडाला जिथे चिकटते ती जागा टेकूच्या मागे ५ सेंमी. आहे असे धरू. (प्रत्येकाच्या पायाची मापे थोडी वेगळी असतील. तुम्ही आपापली मोजा.) समतोलासाठी दोन्ही बाजूंची परिबले सारखी हवीत :

५०० × १२ = कंडरेचा ताण × ५

यावरून कंडरेतील ताण १,२०० न्यूटन येतो. पण गणित इथे संपत नाही, आणि वर्गात पुष्कळ जण नेमके इथेच पेन खाली ठेवतात. जमीन चवडा वर ढकलते आहे, कंडरा टाच वर ओढते आहे. मग खाली दाबणारे कोण? वरून नडगीचे हाड. त्याने ५०० + १,२०० = १,७०० न्यूटन इतके बल खाली दिले तरच पाऊल स्थिर राहील. म्हणजे पन्नास किलोच्या मुलाच्या घोट्यावर जवळजवळ १७० किलोंचा भार. सिमेंटची साडेतीन पोती! तीही तो नुसता उभा असताना. साधे चालताना प्रत्येक पावलागणिक एका क्षणी घोट्यावरचे बल शरीराच्या वजनाच्या चौपट-पाचपट होते. धावण्याउडी मारण्याची गोष्टच वेगळी.

हे गणित नववी-दहावीच्या पातळीचे आहे. तरीही इंग्लंडमध्ये अस्थिशल्यविशारदांची अखेरची जी एफ.आर.सी.एस. परीक्षा असते, तिच्या तोंडी परीक्षांपैकी एक केवळ मूलभूत विज्ञानाची असते. डॉक्टर झाल्यानंतर सुमारे दहा वर्षांचे प्रशिक्षण घेत असलेला, शेकडो शस्त्रक्रिया केलेला माणूस तिथे परीक्षकांसमोर कागदावर सांध्याची आकृती काढतो, तिच्यावर बलांचे बाण दाखवतो आणि परिबलांचे समीकरण मांडतो. बाणाची दिशा चुकली तर परीक्षक विचारणारच. अकरावीला पदार्थविज्ञानाचा निरोप घेऊ पाहणाऱ्यांनी हे चित्र नजरेसमोर आणावे.

आता भाराकडून दाबाकडे वळू. घोट्याचा सांधा कसा असतो? नडगीचे जाड हाड व त्याच्या बाहेरच्या बाजूचे बारीक हाड यांची खालची टोके मिळून एक खाच तयार होते, आणि पावलाचे सर्वांत वरचे हाड, ज्याला टॅलस म्हणतात, ते या खाचेत बसते. सुताराने लाकडात खाच कोरून तीत दुसरा तुकडा घट्ट बसवावा, तसे. समजा, दोन्ही हाडे एकमेकांना १० चौ. सेंमी. क्षेत्रफळावर टेकली आहेत. वरचे १,७०० न्यूटन त्यावर वाटले गेले तर दाब दर चौ. सेंमी.ला १७० न्यूटन होतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या साधारण सतरा पट. हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा एवढे सोसते. त्याकरिताच ती घडलेली आहे.

पण पाय मुरगळून बाहेरचे हाड मोडले आणि खाच किंचित रुंद झाली तर? १९७६ साली रॅम्से आणि हॅमिल्टन या अमेरिकन संशोधकांनी याचे मोजमाप केले. मृत व्यक्तींच्या पायांतील २३ घोटे त्यांनी घेतले. हाडाला काळी कार्बनची पूड लावली, सांध्यावर भार दिला आणि समोरच्या हाडावर ठसा किती उमटतो ते मोजले. रबरी शिक्का शाईच्या पॅडवर टेकवून कागदावर उमटवावा, इतकी साधी युक्ती. मग टॅलस फक्त १ मिलिमीटर बाहेर सरकवून पुन्हा ठसा घेतला. टेकण्याचे क्षेत्रफळ सरासरी ४२ टक्क्यांनी घटले होते!

आपल्या आकड्यांत बोलायचे तर १० चौ. सेंमी.चे ५.८ राहिले. बल तेच. १,७०० ला ५.८ ने भागा. दाब १७० वरून सुमारे २९३ न्यूटनवर जातो. पावणेदोन पटींच्या जवळ. असा दाब वर्षानुवर्षे, रोजच्या हजारो पावलांगणिक पडत राहिला की कूर्चा झिजते आणि तरुण वयातच सांधा दुखू लागतो. पुढे इतर संशोधकांनी काही प्रयोगांत आतल्या बाजूचा अस्थिबंध शाबूत ठेवला, तेव्हा परिणाम इतका मोठा आढळला नाही. तो अस्थिबंध टॅलसला सहसा सरकूच देत नाही. म्हणून ४२ हा आकडा सर्व रुग्णांना सरसकट लावता येत नाही. परंतु मिलिमीटरला किंमत आहे, हा धडा पक्का झाला.

म्हणूनच एम.एस. करणारा निवासी डॉक्टर मोडलेल्या घोट्याचे क्ष-किरण चित्र घेताना पाय नेमका पंधरा-वीस अंश आत वळवून घ्यायला शिकतो. तसे केले तरच त्या खाचेतली फट तिन्ही बाजूंनी स्वच्छ दिसते. फट सगळीकडे सारखी आहे की एका बाजूला रुंद, हे तो पाहतो, मोजतो, दुसऱ्या पायाशी ताडतो. 'हाड जुळलं' म्हटले की आपल्याला बरे वाटते. पण त्याला विचारायचे असते, किती मिलिमीटरपर्यंत जुळले? आतला अस्थिबंध शाबूत आहे का? पट्टी आणि स्क्रू बसवायचे की प्लास्टरवर भागेल? प्लास्टरचेही असेच. ते गोल गुंडाळले म्हणून हाड जागेवर राहत नाही. एका बाजूने दोन ठिकाणी आणि समोरच्या बाजूने मध्ये एका ठिकाणी, असा तीन ठिकाणी दाब द्यावा लागतो. ओल्या प्लास्टरला तळहाताने हा आकार देणे निवासी डॉक्टरला पहिल्या वर्षापासून शिकावे लागते.

आता एक प्रयोग करा. मित्राला अनवाणी सरळ उभे करा, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन. खाली बसून त्याच्या पायाचा अंगठा हाताने वर उचला. बाकीचे पाऊल जमिनीवरच राहू द्या. आतल्या बाजूने तळव्याची कमान पाहा. ती वर चढताना दिसेल. कोणताही स्नायू न आवळता! तळव्याखाली टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत गेलेला एक भक्कम पट्टा आहे. विहिरीवरच्या रहाटाला दोर गुंडाळला जातो तसा हा पट्टा अंगठा वळताना त्याच्या बुंध्याच्या हाडाभोवती गुंडाळला जातो, ओढला जातो, टाच आणि चवडा जवळ येतात आणि कमान उंचावते. ही यंत्रणा जे. एच. हिक्स यांनी १९५४ साली वर्णन केली. चालताना टाच उचलते त्या क्षणी मऊ, लवचिक पाऊल या रहाटामुळे ताठ होते आणि शरीर पुढे ढकलू शकते. एखाद्याची कमान अंगठा उचलूनही चढली नाही तर शल्यविशारद सावध होतो, कारण रहाट कुठेतरी अडला आहे. तपासणीला ना यंत्र लागते, ना खर्च येतो.

शस्त्रक्रिया शिकण्यात ती केव्हा करू नये हे शिकणेही आले. याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे जन्मतः आत आणि खाली वळलेले पाऊल. इंग्रजीत त्याला क्लबफूट म्हणतात. साधारण हजार बाळांमागे एकाला ते असते. उपचार न झाल्यास मूल पावलाच्या बाहेरच्या कडेवर, कधी पावलाच्या वरच्या बाजूवर चालते. हे पाऊल हळूहळू सरळ करून प्लास्टरमध्ये ठेवण्याची एक पद्धत अमेरिकेत डॉ. काइट यांनी रूढ केली होती. पण तिला महिनोन्महिने लागत आणि पुष्कळदा अखेर मोठी शस्त्रक्रिया करावीच लागे. मूळचे स्पेनचे आणि १९४१ पासून अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात असलेले डॉ. इग्नासिओ पोन्सेती (१९१४–२००९) यांनी पावलाच्या रचनेचा बारकाईने अभ्यास केला आणि चूक कुठे आहे ते दाखवले. गंमत अशी की चूक टेकूची होती!

बाळाचे पाऊल बाहेर वळवताना एका हाताने पुढचा भाग बाहेर ढकलायचा आणि दुसऱ्या हाताचा अंगठा बाहेरच्या बाजूला टेकू म्हणून धरायचा. काइट हा टेकू पावलाच्या बाहेरच्या कडेवर, टाचेच्या हाडाच्या पुढच्या सांध्याशी धरत. त्यामुळे टाचेचे हाड अडून राही. आणि ते बाहेर वळल्याखेरीज पाऊल सुटत नाही. पोन्सेतींनी टेकू थोडा वर, टॅलसच्या पुढच्या टोकावर धरला. टॅलस स्थिर राहिला आणि टाचेच्या हाडासकट बाकीचे सारे पाऊल त्याच्याभोवती फिरू लागले. तान्ह्या बाळाच्या पावलात या दोन जागांमधले अंतर बोटाच्या पेरापेक्षाही कमी भरेल. प्रात्यक्षिकाच्या तासाला मीटरपट्टीखालचा टेकू अर्धा सेंटिमीटर इकडे-तिकडे झाला तर काय बिघडते म्हणणाऱ्यांसाठी हे उदाहरण मी राखून ठेवले आहे.

या पद्धतीत दर आठवड्याला पाऊल थोडेसे वळवून मांडीपर्यंत नवे प्लास्टर घालतात. पाच-सहा प्लास्टरांत पाऊल सरळ होते. कडक अस्थिबंध एकदम ओढले तर विरोध करतात, सावकाश ओढून धरून ठेवले तर हळूहळू लांबतात, हा पदार्थांचा गुण इथे कामी येतो. शेवटी बहुतेक बाळांच्या टाचेमागची कंडरा एका बारीक छेदाने सोडवावी लागते. मग तीन आठवडे प्लास्टर, तेवढ्यात कंडरा पुन्हा भरून येते. त्यानंतर दांडीला जोडलेले बूट सुरुवातीचे तीन महिने जवळजवळ दिवसरात्र आणि मग वयाच्या चौथ्या वर्षापर्यंत रात्रीचे. आईवडिलांनी बूट घालण्याचा कंटाळा केला की पाऊल पुन्हा वळते. म्हणून त्यांना समजावून सांगणे हाही या शिक्षणाचा भाग आहे. पोन्सेतींनी ही पद्धत १९६३ साली प्रसिद्ध केली, पण तिला जगभर मान्यता मिळायला १९९० नंतरचे दशक उजाडावे लागले. ज्यांचे हात शस्त्रक्रियेला सरावले होते त्यांना अंगठ्याच्या दाबावर विश्वास ठेवणे जड गेले असावे, असे मला वाटते.

मधुमेहात पायाची संवेदना कमी होते. कुष्ठरोगातही होते. दगड टोचला, चप्पल घासली तरी कळत नाही. तमिळनाडूतील वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात १९४६ पासून काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या तळव्यांवरील जखमांचा अभ्यास केला. मांस आपोआप 'सडते' ही समजूत त्यांनी खोडून काढली. जखमा होतात त्या दाबामुळे आणि त्याच जागी पुन्हापुन्हा पडणाऱ्या भारामुळे. दाब पसरवणारे प्लास्टर आणि मऊ रबरी तळाची चप्पल दिली की त्या भरतात. पुढे अमेरिकेत त्यांनी हेच ज्ञान मधुमेहाच्या रुग्णांसाठी वापरले. पाय कापण्याची वेळ येण्याआधी दाबाचे क्षेत्रफळ वाढवा, एवढे साधे हे सूत्र. दाब बरोबर बल भागिले क्षेत्रफळ.

संवेदना तपासायला नायलॉनचा एक जाड धागा वापरतात. तो तळव्यावर उभा टेकवून दाबतात. बल १० ग्रॅम-भार, म्हणजे सुमारे ०.१ न्यूटन झाले की धागा वाकतो आणि नंतर कितीही रेटला तरी तळव्यावरचा दाब जवळपास तेवढाच राहतो. रुग्णाला तो स्पर्श कळला नाही तर पाय धोक्यात आहे. उभी काठी किती भाराने वाकेल याचा नियम ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकातच दिला होता. तुम्ही खराट्याचा एक हीर घ्या, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर उभा धरून वरून दाबा आणि तो वाकेपर्यंतचा जास्तीत जास्त आकडा टिपून ठेवा. मग त्याच हिराचा निम्मा तुकडा घेऊन पुन्हा करा. आकडा दुप्पट येईल असे वाटते ना? ऑयलरच्या नियमाप्रमाणे तो चौपटीच्या आसपास यायला हवा.

अमेरिकेत या शाखेकडे जाण्याचे दोन रस्ते आहेत. एक आपल्यासारखा : पदवीनंतर चार वर्षे वैद्यकीय महाविद्यालय, पाच वर्षे अस्थिशल्यविज्ञानात निवासी डॉक्टर आणि एक वर्ष फेलोशिप. दुसरा रस्ता पोडियाट्रीचा. आपल्याकडे ही शाखा फारशी रुजलेली नाही. तिथे मात्र पावलापुरतेच शिक्षण देणारी स्वतंत्र महाविद्यालये आहेत. पदवीनंतर त्यांत चार वर्षे आणि मग रुग्णालयात तीन वर्षे काढावी लागतात. या दोन वाटांच्या लोकांत कोण श्रेष्ठ यावर तिथे बरीच जुनी तणातणी आहे. आपल्याला तिच्यात पडण्याचे कारण नाही. पोडियाट्रीतून आलेल्यांची परीक्षा घेणारे मंडळ मात्र लक्षात घेण्याजोगे आहे. ते पावलाच्या शस्त्रक्रियेचे प्रमाणपत्र वेगळे देते आणि पावलाचा मागचा भाग व घोटा यांच्या पुनर्रचनेचे वेगळे. शिवाय प्रमाणपत्राआधी एक पायरी असते. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर उमेदवार फक्त 'पात्र' ठरतो. त्यानंतर काही वर्षे त्याने शस्त्रक्रिया करायच्या, प्रत्येकीची नोंद ठेवायची. त्या नोंदींतून कोणते रुग्ण तपासायचे हे मंडळ ठरवते, उमेदवार नाही. निवडलेल्या प्रत्येक रुग्णाची शस्त्रक्रियेआधीची व नंतरची क्ष-किरण चित्रे, टिपणे, सारे परीक्षकांपुढे जाते. अंगठ्याच्या बुंध्याचे हाड बाहेर आलेला रुग्ण असेल तर अंगठा आणि त्याच्यामागचे हाड यांतला कोन पाहिला जातो. तो १५ अंशांपेक्षा कमी असला तर ठीक समजतात. आधी तो किती होता, नंतर किती झाला आणि एवढ्या कोनासाठी हीच शस्त्रक्रिया का निवडली, याचा जबाब त्या कागदांतून मिळावा लागतो.